मोसिनच्या नळीतलं मीठ

ह्यूस्टनजवळ राहणाऱ्या एकांचा प्रश्न आहे. त्यांनी मोसिन-नागान ९१/३० ही जुनी सोव्हिएत लष्करी रायफल घेतली, सोबत सोव्हिएत काळातल्या सरप्लस, म्हणजे लष्कराच्या शिल्लक साठ्यातल्या, काडतुसांचा एक सीलबंद डबा. रेंजवरून आल्यावर त्याच संध्याकाळी बंदुकीच्या नेहमीच्या सॉल्व्हंटने, चिंदी पांढरी निघेपर्यंत नळी पुसली आणि भरपूर तेल लावलं. चार दिवसांनी सहज चिंदी फिरवली तर ती तांबूस निघाली. आता कोणी सांगतं काच पुसायचा विंडेक्स मारा, कोणी सांगतं उकळतं पाणी ओता, कोणी बेकिंग सोडा सुचवतं, आणि एका दुकानदाराचं म्हणणं की तेलच कमी पडलं. लोखंडावर पाणी ओतायला यांचा हात धजत नाही. शिवाय हे सगळं स्वयंपाकघरात चालू असल्यामुळे घरात कुरबुर आहे, तीही त्यांनी प्रामाणिकपणे कळवली आहे.

मी ओहायोत जुन्या लष्करी रायफलींच्या दुरुस्तीचं काम करतो, आणि अशी नळी घेऊन येणारा माणूस मला नवा नाही. तुम्ही सफाईत कसूर केलेली नाही. तुम्ही मळ काढलात आणि मीठ आत राहिलं. जळलेल्या दारूची काजळी आणि तांब्याचा थर हा मळ झाला. तो डोळ्यांना दिसतो, चिंदीवर काळा-हिरवा येतो आणि सॉल्व्हंटमध्ये सुटतो. मीठ दिसत नाही आणि सॉल्व्हंटमध्ये विरघळतही नाही. म्हणून पांढरी चिंदी बघून समाधान मानलंत तरी गंजाला लागणारं सामान नळीत होतं तिथेच राहिलेलं असतं.

हे मीठ दारूतून येत नाही, काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीतून, म्हणजे प्रायमरमधून येतं. जुन्या सोव्हिएत टोपीत पाऱ्याचं फल्मिनेट, पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड यांचं मिश्रण असे. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक वाटा क्लोरेटचा. टोपी पेटली की क्लोरेटमधला ऑक्सिजन निघून जातो आणि मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं. ते आपल्या जेवणातल्या मिठाचं सख्खं भावंड. त्याची अतिसूक्ष्म भुकटी वायूबरोबर नळीभर पसरते आणि चेंबर म्हणजे काडतूस बसतं ती जागा, ती मागून बंद करणाऱ्या बोल्टचं तोंड, नळीचं टोक अशी सगळीकडे बसते. मग हवेतला ओलावा तिथे गोळा होतो आणि क्लोराइड असलेल्या ओलाव्यात साधं कार्बन पोलाद झपाट्याने गंजतं. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पोटॅशियम क्लोराइड साधारण ८४ टक्के सापेक्ष आर्द्रतेला आपणहून पाझरायला लागतं. गंजाची सुरुवात त्याच्या बरीच अलीकडे होते. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात पहाटेची आर्द्रता किती असते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

तेल कमी पडलं, हे दुकानदाराचं निदान मला पटत नाही. फोडणीच्या तेलात चिमूटभर मीठ टाकून बघा, ते तळाशी तसंच बसून राहतं. नळीतही तेच होतं. तुम्ही मिठावर तेलाचं पांघरूण घातलंत, आणि तेलाच्या पातळ थरातून ओलावा हळूहळू खाली जातोच. हा शोध नवा नाही. पहिल्या महायुद्धानंतरही अनेक नेमबाज नळी ‘घाम गाळते’ म्हणत, आणि दारूचा कसलासा आम्लाचा अंश पोलादाच्या छिद्रांत मुरलेला असतो अशी समजूत होती. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समधले विल्बर्ट हफ यांनी १९२२ मध्ये, तेलाच्या थराखाली होणाऱ्या गंजावरच्या अभ्यासात, दोष टोपीतल्या क्लोरेटपासून उरणाऱ्या मिठाचा आहे हे स्पष्ट दाखवलं. त्याच दशकात क्लोरेट नसलेल्या टोप्या बाजारात आल्या. पण लष्करांना साठवणुकीत वर्षानुवर्षं टिकणारा माल हवा असे, म्हणून बऱ्याच सैन्यांनी जुनं मिश्रण पुढेही चालू ठेवलं. अमेरिकन लष्कराची थर्टी-ऑट-सिक्स काडतुसं १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतांश अशीच होती. त्यांचंच एम-१ कार्बाइनचं काडतूस मात्र पहिल्या दिवसापासून बिनक्लोरेटचं. पूर्व युरोपात जुना प्रकार त्याहून बराच पुढे चालला.

तेव्हा आधी ठरवायचं की तुमचा माल त्या प्रकारातला आहे का. मी साधा नियम पाळतो: सोव्हिएत गटातलं लष्करी काडतूस, तुर्की किंवा युगोस्लाव ८ मिलिमीटर, जुनं थ्री-नॉट-थ्री, यांतलं काहीही हाती आलं की ते मीठवालं आहे असं गृहीत धरायचं, मग विक्रेत्याने खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. खात्रीच करायची असेल तर खिळ्याची परीक्षा आहे. काडतुसातली गोळी ओढून काढायची, दारू ओतून टाकायची, आणि फक्त टोपी असलेली पुंगळी रायफलीत भरून रेंजवर, नळीच्या तोंडापासून दोन-तीन बोटांवर ठेवलेल्या पोलादी पट्टीवर किंवा मोठ्या खिळ्यावर झाडायची. खिळा आधी ॲसिटोनने पुसून त्याचं तेल काढलेलं असावं. शेजारी तसाच पुसलेला पण न झाडलेला दुसरा खिळा ठेवा आणि दोन्ही एक-दोन दिवस दमट जागी राहू द्या. फक्त पहिला लाल झाला तर उत्तर मिळालं. या परीक्षेनंतर रायफलही धुवावी लागते, हे सांगायला लोक विसरतात. गोळी ओढायचं हत्यार नसेल तर या भानगडीत पडू नका. धुवायला वीस मिनिटं लागतात, परीक्षेला दोन दिवस.

आता पाण्याबद्दल. वरचं सगळं गणित मांडलं तर भीती आपोआप जाते. एका रायफल-टोपीत मिश्रण ग्रॅमच्या काही शतांशाएवढंच असतं. शंभर काडतुसं झाडली तरी तयार होणारं मीठ फार तर एक-दोन ग्रॅम, आणि त्यातलंही बरंचसं धुराबरोबर बाहेर जातं. २० अंशाच्या १०० मिलिलिटर पाण्यात ३४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळतं. म्हणजे एक कप नळाचं पाणीसुद्धा हिशोबाने पुरेसं आहे. आपण जास्त पाणी ओततो ते प्रत्येक खाचेपर्यंत पोहोचावं आणि मीठ वाहून बाहेर जावं म्हणून. उकळत्या पाण्यात विरघळण्याचं प्रमाण आणखी वाढतं, पण त्याचा माझ्या दृष्टीने खरा फायदा दुसराच आहे. नळी इतकी तापते की उरलेलं पाणी स्वतःच उडून जातं. गार पाणी मीठ काढतं, गरम पाणी शिवाय वाळवण्याची मेहनत वाचवतं.

माझी पद्धत सांगतो. सगळ्यात आधी चेंबर आणि मॅगझिन रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा, बोट घालून बघा, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मोसिनचा बोल्ट पूर्ण मागे ओढून, चाप दाबून धरला की बोल्ट हातात येतो. रायफल नळीचं तोंड खाली करून बादलीत उभी करा. चेंबरमध्ये बसेल अशी प्लॅस्टिकची नळी लावलेलं नरसाळं घ्या. माझ्याकडचं जरा गावठी आहे: त्याच कॅलिबरच्या रिकाम्या पुंगळीचं बूड भोक पाडून मोठं केलेलं आणि त्यावर रबरी नळी बसवलेली. पुंगळी चेंबरमध्ये घट्ट बसते, त्यामुळे पाणी मागे मॅगझिनमध्ये किंवा लाकडाखाली सांडत नाही. यातून लिटर-दीड लिटर, नुकतं उकळून उतरवलेलं पाणी सावकाश ओता. हातात जाड मोजे हवेत, कारण नळी धरवणार नाही इतकी तापते. पाणी संपल्यावर नरसाळं काढून चेंबर आणि बोल्टच्या खाचा ओल्या चिंदीने वेगळ्या पुसा, कारण नरसाळ्याने झाकलेल्या भागावरून पाणी गेलेलंच नसतं. चेंबरच्या कडेला गंजलेल्या बऱ्याच रायफली मी पाहिल्या आहेत त्या याच कारणाने.

मग नळीतून कोरड्या चिंध्या, त्या कोरड्याच निघेपर्यंत. यानंतर तुमचं नेहमीचं सॉल्व्हंट, ब्रश, काजळी, तांबं वगैरे. शेवटी तेलाचा पातळ थर. क्रम एवढाच: पाणी, कोरडं, सॉल्व्हंट, तेल. तुम्ही शेवटच्या दोन पायऱ्या उत्तम केल्या होत्या.

रायफलीबरोबर तुम्हाला दोन तोंडांची पत्र्याची चपटी तेलकुपी मिळाली असेल तर ती काढून बघा. एका बाजूला रशियन ‘श्च’ अक्षर असतं आणि दुसऱ्या बाजूला ‘न’. पहिल्या कप्प्यात अल्कधर्मी द्रावण भरायचं, दुसऱ्यात तेल. सैनिकाला आधी पाण्यातलं द्रावण आणि मग तेल हाच क्रम दिलेला होता, तोही पत्र्यावर ठोकून. पुढे कलाश्निकोव्हच्या काळात वापरात असलेलं द्रावण म्हणजे पाण्यात अमोनियम कार्बोनेट आणि थोडंसं पोटॅशियम डायक्रोमेट. ते घरी बनवायच्या फंदात पडू नका, डायक्रोमेट विषारी आहे आणि तुमच्या गरजेचं काम त्यातलं पाणीच करतं.

विंडेक्सचंही असंच आहे. त्यात बहुतांश पाणीच असतं, त्यामुळे लोकांना गुण येतो आणि श्रेय अमोनियाला मिळतं. अमोनिया तांब्याचा थर सोडवायला मदत करतो, मिठाशी त्याला काही देणंघेणं नाही. रेंजवर पाण्याची सोय नसेल तर फवारायला बाटली सोयीची, एवढं मी मान्य करतो. पण मोसिनच्या लाकडावर शेलॅक, म्हणजे लाखेचं रोगण असतं आणि अमोनिया शेलॅक खातो. हँडगार्डवर, म्हणजे नळीवरच्या लाकडावर, थेंब उडाले की चिकट पांढुरके डाग पडतात आणि मग दुसरीच दुरुस्ती निघते. गरम पाण्यानेही शेलॅक पांढरं पडतं, म्हणून नळीचं तोंड खाली आणि लाकडाभोवती जुना टॉवेल.

बेकिंग सोड्याने मीठ ‘मारता’ येतं ही समजूत कशी रुजली कोण जाणे. पोटॅशियम क्लोराइड आम्ल नाही, त्याचं द्रावण उदासीन असतं, त्यामुळे सोड्याने मारण्यासारखं तिथे काहीच नाही. उलट सोडा नीट धुतला नाही तर नळीत आणखी एक पांढरा थर. आठवणीत एकच ठेवा: इथे कुठलीही रासायनिक क्रिया घडवायची नाही, फक्त विरघळवून वाहून न्यायचं आहे.

डब्ल्यूडी-४० चं नावच मुळी पाणी हटवण्याच्या कामावरून पडलं आहे आणि धुतल्यावर, तेल लावण्याआधी, एक फवारा मारायला ते चांगलं. महिनोन्महिने राखण करायला मात्र त्याच्यावर विसंबू नका, वर खरं तेल हवंच. बॅलिस्टॉल हे जर्मन तेल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या सैन्यासाठीच तयार झालं, आणि त्याची खुबी अशी की ते पाण्यात मिसळून दुधासारखं होतं. एक भाग बॅलिस्टॉल आणि दहा भाग पाणी अशी बाटली मी रेंजच्या पिशवीत ठेवतो. पाणी मीठ काढतं आणि पाणी उडाल्यावर थोडं तेल मागे राहतं. घरी पोचायला दीड-दोन तास लागणार असतील तर निघण्यापूर्वी याच्या तीन-चार ओल्या चिंध्या, मग एक कोरडी. घरी आल्यावर पूर्ण धुणं होतंच, पण दमट हवेत हे मधले तास महत्त्वाचे असतात. ॲरिझोनातला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी धुतो आणि त्याचं काही बिघडत नाही. तुमच्याकडे त्याच संध्याकाळी. आणि एसी गाडीत गार झालेली रायफल बाहेरच्या हवेत आणली की तिच्यावर चष्म्यावर धरतं तसं दव धरतं, तेव्हा आधी तिला बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. फोमच्या बंद पेटीत कधीच ठेवून देऊ नका, तो फोम ओलावा धरून बसतो.

आता जरा वेळ रॉडबद्दल बोलू द्या, कारण मिठाने जेवढ्या नळ्या जातात त्याहून जास्त उत्साहाने जातात असं माझं मत झालं आहे. नळीचं तोंड, जिथून गोळी सुटते ती कड, हा अचूकतेच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक भाग. सैनिक तोंडाकडून रॉड घालत आणि वर्षानुवर्षं ती कड घासत. बऱ्याच मोसिनच्या नळ्या त्यामुळे इतक्या झिजल्या की कारखान्यांनी त्यांचं तोंड आतून काही अंतरापर्यंत मोठं भोक पाडून मोकळं केलं, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या शाबूत खाचा जिथे संपतात तिथून तिला सुटता यावं. तुमच्या नळीच्या तोंडात टॉर्च मारून बघा. पहिला इंच-दीड इंच गुळगुळीत आणि रुंद दिसला, खाचा आतून सुरू होत असल्या, तर तुमची रायफल त्यांतली आहे. अशा नळीत त्या पायरीवर मीठ आणि काजळी हमखास साचते, आणि नळीच्या मापाची चिंदी तिथे भिंतीला टेकतच नाही. बोटाला ओली चिंदी गुंडाळून ती जागा वेगळी पुसायची आणि वेगळी कोरडी करायची. मोसिनचा बोल्ट निघतो, त्यामुळे तुम्हाला मागून रॉड घालता येतो, तोंडाकडून घालायचं कारणच नाही. आणि तांब्याचा शेवटचा कण निघेपर्यंत घासत बसू नका. तांब्याने गंज लागत नाही.

बोल्टकडे लोक दुर्लक्ष करतात. टोपीच्या कडेने निसटलेला वायू बोल्टच्या तोंडावर आणि फायरिंग पिनच्या भोकात जातो, मीठ घेऊनच. मोसिनच्या बोल्टचं डोकं आणि जोडपट्टी हाताने पुढे सरकवून निघतात. ते गरम पाण्यात बुडवा, भोकात ओली कापसाची काडी फिरवा, वाळवा, तेलाचा हात फिरवा. बहुतेक वेळा एवढं पुरतं. फायरिंग पिन पूर्ण उघडलीत तर परत बसवताना तिचं पुढे येणारं टोक मोजल्याशिवाय झाडू नका. रायफलीबरोबरच्या चपट्या हत्याराच्या कडेला ७५ आणि ९५ अशा दोन खाचा असतात, हे इंचाचे हजारांश. पिन ९५ च्या खाचेतून न अडता गेली पाहिजे आणि ७५ च्या खाचेत अडली पाहिजे. ती कमी बाहेर असेल तर काडतूस फुटत नाही. जास्त असेल तर टोपी फाटून तप्त वायू तुमच्या डोळ्यांकडे येतो. संरक्षक चष्मा घालता ना?

आता तुमच्या तांबूस चिंदीकडे येतो. चार दिवसांत दिसलं म्हणजे बहुधा वरवरचा गंज आहे. आजच वर सांगितल्याप्रमाणे पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मग आत शिरणारं पातळ तेल सोडून काही तास राहू द्या आणि ब्राँझचा ब्रश मागून पुढे काही वेळा फिरवा. नळीत लोखंडी ब्रश नको. चिंध्या घालून काढा, तेल लावा. दुसऱ्या दिवशी एक कोरडी चिंदी, आणि आठवड्याने आणखी एक. स्वच्छ किंवा किंचित राखाडी आली तर विषय संपला. पुन्हा तांबूस आली तर मीठ अजून कुठेतरी आहे, पुन्हा पाणी. तेल वाढवू नका. नळी आधीपासूनच खड्ड्याखड्ड्यांची असेल, म्हणजे उजेडात धरल्यावर काळपट दिसत असेल, तर त्या खड्ड्यांत मीठ दडतं आणि तिला नव्या नळीपेक्षा जास्त पाणी लागतं. काळपट नळी म्हणून रायफल टाकाऊ समजू नका. अशा कित्येक मोसिन शंभर यार्डांवर चांगलं नेमबाजीचं काम करतात. अचूकता बघायची तर तोंडाची कड शाबूत आहे का ते बघा.

तुमच्याच प्रश्नाखाली आणखी दोघांनी शेपूट जोडलं आहे. एकांकडे युगोस्लाव एसकेएस एम ५९/६६ ही अर्धस्वयंचलित रायफल आहे, दुसऱ्यांकडे ली-एनफिल्ड ही थ्री-नॉट-थ्रीची जुनी ब्रिटिश रायफल.

एसकेएसवाल्यांना जास्त काम आहे. या रायफलीत नळीतला वायू एका भोकातून वर जाऊन पिस्टन ढकलतो, म्हणजे मीठ वायूनळीत, पिस्टनवर आणि भोकात जातं. बऱ्याच चिनी आणि सोव्हिएत एसकेएसच्या नळीला आतून क्रोमचा थर आहे, युगोस्लाव ५९/६६ ला तो नाही. शिवाय तिच्यावर ग्रेनेड सोडण्यासाठी वायू बंद करायची झडप आहे, ती गंजली की गळते आणि रायफल अर्धवट चालायला लागते. पिस्टन, वायूनळी आणि झडप गरम पाण्यात बुडवून धुवा, वायूच्या भोकातून पाणी आरपार जातंय हे बघा. पिस्टन आणि वायूनळी कोरडी ठेवा, तिथलं तेल तापून जळतं आणि चिकट राळ होते. एसकेएसच्या फायरिंग पिनला बहुतेक रायफलींत स्प्रिंग नसते, ती बोल्टमध्ये मोकळी खेळली पाहिजे. गंजाने किंवा आत राहिलेल्या कॉस्मोलिनने, म्हणजे साठवणुकीच्या घट्ट ग्रीसने, ती पुढे अडकली तर बोल्ट बंद होताच काडतूस चाप न ओढता उडू शकतं. प्रत्येक वेळी जोडण्याआधी बोल्ट कानाजवळ हलवा, पिनचा खुळखुळ ऐकू आला पाहिजे. क्रोमची नळी असली तरी धुण्यातून सुटका नाही, कारण पिस्टनला आणि बोल्टला क्रोम नसतं.

ली-एनफिल्डवाल्यांच्या काडतुसांच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ अशी अक्षरं आहेत आणि हा कुठला माल असं त्यांनी विचारलं आहे. तो आपल्या खडकीचा. पुण्याजवळचा हा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, आणि ब्रिटिशांच्या काळापासून तिथे थ्री-नॉट-थ्री काडतुसं होत. जुन्या सालांचा माल मीठवाला धरून चाला. पुंगळ्या परत भरण्याचा मोह टाळा: यांतल्या अनेकांच्या टोप्या बर्डन पद्धतीच्या, म्हणजे नेहमीच्या हत्याराने न निघणाऱ्या असतात, आणि पाऱ्याची टोपी असेल तर पितळ ठिसूळ होतं. ब्रिटिश सैनिकांमध्ये उकळतं पाणी नरसाळ्याने नळीतून ओतायची रीत होतीच. फक्त ली-एनफिल्डचं पुढचं लाकूड दर वेळी काढू नका. ते नळीला आणि बॉडीला ठरावीक जागी घट्ट टेकलेलं असतं, काढ-घाल केली की ते टेकू ढिले पडतात किंवा तडकतात आणि नेम भरकटतो. लाकूड जागेवर ठेवूनच, नीट बसणाऱ्या नरसाळ्याने धुवा. ज्यांनी महाराष्ट्रात एनसीसी केलं आहे त्यांना दस्त्यातून निघणारी तेलाची बाटली, पुल-थ्रू म्हणजे नळीतून चिंदी ओढायची दोरी, आणि चिंदी आठवत असेल. पुल-थ्रूची दोरी सरळ ओढायची, तिरकी नाही. तिरक्या दोरीने नळीच्या तोंडाला घळ पडते आणि ली-एनफिल्ड विकत घेताना मी पहिल्यांदा तीच शोधतो. (भारतात थ्री-नॉट-थ्री खासगी परवान्यावर मिळत नाही, ती प्रतिबंधित बोअर आहे. तिकडून विचारणाऱ्यांनी हे उत्तर माहितीपुरतं वाचावं.)

तिघांनाही एक व्यवहाराची गोष्ट. सप्टेंबर २०२१ पासून अमेरिकेने रशियन दारूगोळ्याच्या आयातीला नवे परवाने देणं थांबवलं, आणि जुन्या साठ्याचं पूर्वीचं स्वस्तपण राहिलं नाही. दर वेळी धुवायचा कंटाळा असेल तर नव्या व्यापारी काडतुसांतला आणि या मालातला फरक आता पूर्वीएवढा मोठा नाही, हिशोब करून बघा. मला स्वतःला धुवायचा कंटाळा येत नाही, म्हणून मी अजून डबे उघडतो. आणि पुन्हा झाडायला जाण्याआधी नळी आणि चेंबर कोरडं पुसायला विसरू नका. तेलकट चेंबरमध्ये पुंगळी भिंतीला धरत नाही आणि बोल्टवर जास्त जोर येतो.

राहता राहिलं स्वयंपाकघर. तिथे तुमच्या बायकोची बाजू बरोबर आहे. नळीतून निघणाऱ्या काळ्या पाण्यात गोळीचं शिसं असतं, अँटिमनी असतं, जुन्या टोप्यांमुळे पाऱ्याचा अंशही असू शकतो. ही बादली भांडी घासायच्या सिंकमध्ये रिकामी करायची नाही आणि चिंध्या ओट्यावर ठेवायच्या नाहीत. काम गॅरेजमध्ये किंवा मागच्या अंगणात करा, नायट्राइलचे हातमोजे घाला, वापरलेल्या चिंध्या बंद पिशवीत भरा आणि सांडलेलं पाणी मुलं खेळतात तिथे जाऊ देऊ नका. साठलेलं पाणी आणि चिंध्या तुमच्या काउंटीच्या घातक कचरा संकलनात देता येतील का ते विचारा. घरातून फक्त किटलीभर उकळतं पाणी बाहेर न्यायचं, आणि ती किटली बंदुकीच्या कामाला धरलेल्या हाताने परत ओट्यावर ठेवायची नाही.